वाचकांचे प्रश्न: पेपर न वाचताच परत आला

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी बडोद्यात एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये पीएच.डी. करतेय, विश्वामित्रीच्या पाण्यावर काम आहे. पहिला रिसर्च पेपर एका जर्नलला पाठवला तर चारपाच दिवसांतच परत आला, रिव्ह्यूला, म्हणजे तज्ज्ञांकडे तपासायला, गेलाच नाही, फक्त एवढंच लिहिलंय की फॉरमॅट जर्नलप्रमाणे नाही, स्ट्रक्चर सुधारून पाठवा. गाइड म्हणतात तूच बघ. आईला वाटतंय एवढी वर्षं फुकट गेली. सुरुवात कुठून करू? (दांडिया बाजार)

उत्तर: आधी आईला सांग, काहीही फुकट गेलेलं नाही. तुझ्या कामाबद्दल कोणी वाईट बोललेलंच नाही, कारण काम अजून कोणी वाचलेलंच नाही. आणि "सुधारून पाठवा" असं लिहिलंय ना, मग दार उघडं आहे, त्याच जर्नलला परत पाठव. फक्त त्यांच्याकडे असताना दुसरीकडे पाठवू नकोस, एक पेपर एका वेळी एकाच जर्नलकडे, हे सगळीकडे कडक पाळतात.

आता जर्नलच्या साइटवर लेखकांसाठीच्या सूचनांचं पान असतं ते प्रिंट काढून पेन्सिल घेऊन वाच, आणि त्याच जर्नलमधले अलीकडचे दोनतीन पेपर शेजारी उघडून ठेव. ॲबस्ट्रॅक्ट किती शब्दांचा, रेफरन्सची स्टाइल कुठली, चित्रं मजकुरात की वेगळ्या फाइलमध्ये, ओळींना नंबर हवेत का, हे सगळं तिथे असतं. समजा एपीए या लेखनशैलीची ७ वी आवृत्ती म्हटली असेल तर सगळीकडे डबल स्पेस, चारही बाजूंनी एक इंच मार्जिन, ॲबस्ट्रॅक्ट साधारण २५० शब्दांच्या आत. रिव्ह्यू डबल ब्लाइंड असेल, म्हणजे लेखक आणि तपासणारा यांना एकमेकांची नावं कळू देत नसतील, तर नाव टायटल पेजवरच ठेवायचं आणि ते पेज वेगळ्या फाइलमध्ये, आभारसुद्धा तिकडेच, शिवाय वर्डच्या फाइल प्रॉपर्टीजमध्ये नाव राहतं ते पुसायचं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. एल्सवियर या प्रकाशकाची बरीच जर्नल्स पहिल्या वेळी कुठल्याही फॉरमॅटमध्ये घेतात, पण तुझ्या जर्नलने स्पष्ट मागितलंय म्हटल्यावर तो विचार सोड.

पण खरं सांगू का, मार्जिन दोन तासांचं काम आहे, अडतं ते स्ट्रक्चरमध्ये. सायन्सच्या पेपरचा साचा ठरलेला असतो, इंट्रोडक्शन, मेथड्स, रिझल्ट्स, डिस्कशन, आणि यातल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: हे का केलं, कसं केलं, काय मिळालं, त्याचा अर्थ काय. बहुतेक पहिल्या पेपरात तिसरा आणि चौथा प्रश्न एकमेकांत मिसळतात. समज तू लिहिलंस, "काळा घोडा पुलाखाली मे महिन्यात ऑक्सिजन फारच कमी आढळला, कारण शहराचं सांडपाणी येतं." यात पहिला भाग रिझल्ट आहे, पण "फारच" हा शब्द रिझल्ट नाही, तिथे आकडा हवा, नमुने किती तो आकडा हवा, मागेपुढे किती फरक तो हवा. "कारण" पासून पुढचं सगळं डिस्कशनमध्ये जातं, आणि तिथे सांगायचं की आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडे विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा असा निकष आहे, आपला आकडा त्याच्या किती खाली आहे, आणि सांडपाण्याशिवाय दुसरं काय कारण असू शकतं. उन्हाळ्यात पाणी तापलं की मुळातच त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, हे तू लिहिलं नाहीस तर रिव्ह्यूअर लिहील.

मेथड्समध्ये कंजुषी नको. नमुना सकाळी घेतला की दुपारी, किती खोलीवरून, बाटलीत हवेचा बुडबुडा राहू दिला का, विंकलर पद्धत (केमिकल घालून ऑक्सिजन मोजायची) असेल तर केमिकल जागेवरच घातलं का लॅबमध्ये आल्यावर, कारण दिवसा शेवाळं ऑक्सिजन सोडतं आणि आकडा तासागणिक हलतो. परीक्षा एकच, दुसऱ्या कोणी फक्त तुझं वाचून तोच नमुना तसाच घेऊ शकेल का.

इंट्रोडक्शनमध्ये उलट. आपल्याला कमाटीबागेच्या पुलावरून मगरी बघायची सवय आहे, पण ब्राझीलच्या वाचकाला विश्वामित्री म्हणजे काय तेच माहीत नाही. त्याला चार ओळी पुरतात: पावागडाच्या डोंगरातून निघते, शहराच्या मधून जाते, भर वस्तीत मगरी आहेत, पुढे ढाढरला मिळते. नदीचं माहात्म्य आणि जगातलं सगळं जलप्रदूषण लिहायची गरज नाही, याआधी कोणी काय केलं, काय राहिलं आणि तू काय केलंस, इथे लवकर पोच.

लिहिताना मात्र वाचायच्या क्रमाने लिहू नकोस. आधी टेबल आणि ग्राफ पक्के कर, मग मेथड्स, मग रिझल्ट्स, डिस्कशन, मग इंट्रोडक्शन, ॲबस्ट्रॅक्ट आणि टायटल सगळ्यात शेवटी, म्हणजे जे केलं तेच तिथे येतं. टेबलचं शीर्षक वर, चित्राचं बहुतेक ठिकाणी खाली, ग्राफ एक्सेलचा स्क्रीनशॉट काढून चिकटवलेला नको, फोटोला साधारण ३०० डीपीआय (इंचाला ठिपके) लागतात. लाल आणि हिरवी रेघ शेजारी ठेवू नकोस, काही लोकांना तो फरक दिसतच नाही. रेफरन्स हाताने टाइप करत बसू नकोस, झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, स्टाइल एका क्लिकमध्ये बदलते, पण शेवटी एकेक नाव डोळ्यांनी तपासायचंच, मजकुरातलं प्रत्येक यादीत आणि यादीतलं प्रत्येक मजकुरात.

प्रश्न: मी कॉलेजात इतिहास शिकवतो. बडोदा संस्थानातल्या सक्तीच्या शिक्षणावर पेपर लिहितोय. सहकारी म्हणतात मेथड्स, रिझल्ट्स असे भाग पाडा. पटत नाहीये. (मांजलपूर)

उत्तर: सर, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. तो साचा प्रयोगाचा आहे, इतिहासात मुद्दा पुढे सरकला पाहिजे. पण मुद्दा पहिल्या दोन पानांत यायला हवा. १८९३ ला अमरेलीत सुरुवात आणि १९०६ ला सगळ्या संस्थानात, ही तर माहिती झाली, मधल्या तेरा वर्षांत सरकारचं म्हणणं कसं बदललं हा मुद्दा होऊ शकतो. पोटशीर्षकं त्यावरून पाडा. तळटीपेत नुसतं "बडोदा दफ्तर" चालत नाही, खातं, दफ्तर नंबर, फाइल नंबर, तारीख, सगळं हवं. मोडीतला उतारा असेल तर लिप्यंतर कोणी केलं ते लिहा आणि जुन्या तारखेशेजारी इंग्रजी तारीख द्या.

प्रश्न: एका जर्नलचा मेल आलाय, पैसे भरा, चार दिवसांत छापू. पाठवू का? गाइडही स्वतःचं नाव टाकायला सांगतायत. (फतेहगंज)

उत्तर: नको पाठवूस. चार दिवसांत नीट रिव्ह्यू होतच नाही. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता जर्नल आपणच तपासायचं, संपादक खरंच आहेत का, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर) उघडतो का, डीओएजे या मोफत वाचता येणाऱ्या जर्नल्सच्या यादीत नाव सापडतं का. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत थीसिस देण्याआधी पेपर छापायची सक्ती राहिलेली नाही, तुझ्या युनिव्हर्सिटीचा नियम ऑफिसात विचार, मगच घाई कर. गाइडचं नाव, त्यांनी काम आखण्यात किंवा डेटा समजून घेण्यात आणि शिवाय लिहिण्या-तपासण्यात खरंच भाग घेतला असेल आणि छापलेल्याची जबाबदारी घेत असतील तर जरूर टाक, नुसती सही केली असेल तर आभारात.