बॅशमध्ये कमांड सुटण्याआधी फंक्शन चालवायचंय? आधी ठरवा, नोंद हवी की अडवणूक

तुम्ही विचारलंय की बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलात टाईप केलेल्या कमांडी चालवणाऱ्या शेलमध्ये, प्रॉम्प्ट_कमांड या व्हेरिएबलमध्ये आपलं फंक्शन टाकलं तर ते कमांड संपल्यावर चालतं, आणि डीबग ट्रॅप (कमांड सुटण्याआधी बॅशने आपलं फंक्शन चालवावं म्हणून लावायचा सापळा) लावला तर एकाच ओळीला तेच फंक्शन तीन-तीनदा चालतं. शेवटी जाता जाता लिहिलंय की वेळ तर नोंदायचीच आहे, पण लाइव्ह सर्व्हरवर कोणी आरएम, म्हणजे फाइली उडवणारी कमांड, मारली तर अडवायचंही आहे. मला वाटतं खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. नोंदणं हे एक काम आणि अडवणं हे वेगळंच काम. दोन्ही एका हुकात, म्हणजे शेल ठरलेल्या क्षणी आपणहून बोलावतं त्या फंक्शनात, कोंबली की काय होतं ते मी स्वतः भोगलंय, म्हणून जरा लांब लिहितो. नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलात अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि व्हेरिएबलं सगळी कॅपिटलमध्ये.

प्रॉम्प्ट_कमांडचं नाव फसवं नाही, आपण ते घाईत वाचतो. प्रॉम्प्ट छापण्याआधी चालवायची कमांड, एवढंच तिचं काम. म्हणजे मागची कमांड संपली आणि पुढचा प्रॉम्प्ट यायचाय, त्या फटीत ती चालते. मागच्या कमांडला किती वेळ लागला हे तिथे मोजता येतं. पुढची कोणती येणार हे तिथे कळायचा मार्गच नाही. एक मात्र सांभाळा: तिथल्या फंक्शनची पहिलीच ओळ $? जपून ठेवणारी हवी. दुसरं काहीही आधी चाललं की मागच्या कमांडचा निकाल पुसला गेला.

आता डीबग ट्रॅप. बॅश तो ओळीमागे नव्हे, तर प्रत्येक साध्या कमांडीमागे चालवतं. लॉग फाइल कॅटने उघडली, पाइपने (एका कमांडीचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या चिन्हाने) ग्रेपला दिली, डब्ल्यूसीने मोजली, की तुमच्या दृष्टीने ती एक ओळ, बॅशच्या दृष्टीने तीन कमांडी. तुमचे ‘तीन-तीनदा’ इथूनच आलेत. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे झेंडा. प्रॉम्प्ट_कमांडच्या अगदी शेवटी एक व्हेरिएबल एकवर करायचं. ट्रॅपमध्ये ते एक दिसलं तर लगेच शून्य करायचं आणि मग आपलं काम करायचं. ओळीतल्या पहिल्या कमांडीलाच काम होतं, बाकीच्या मुकाट जातात.

पण मग बॅश_कमांड या व्हेरिएबलमध्ये फक्त ती पहिली कमांड मिळते, पूर्ण ओळ नाही. पूर्ण ओळ हवी तर हिस्टरीची, म्हणजे टाकलेल्या ओळींच्या यादीची, शेवटची नोंद वाचावी लागते, आणि तिथे एक खाच आहे. तुमच्या हिस्टकंट्रोलमध्ये (हिस्टरीत काय नोंदायचं ते ठरवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) इग्नोरस्पेस किंवा इग्नोरबोथ असेल तर पुढे मोकळी जागा सोडून टाकलेली ओळ हिस्टरीत जातच नाही, आणि तुमच्या हातात आदल्या कमांडीची ओळ येते. बॅश-प्रीएक्झेक नावाची तयार स्क्रिप्ट पुष्कळ जण वापरतात, मीही वापरतो, चांगली आहे. पण ती हे टाळण्यासाठी हिस्टकंट्रोलमधून इग्नोरस्पेस काढून टाकते. पासवर्ड असलेली ओळ तुम्ही जागा सोडून टाकत असाल, तर त्या दिवसापासून ती हिस्टरीच्या फाइलीत उमटू लागते. हे ठाऊक असूनच ती लावा.

आता ते भोगलेलं. आमचं ऑफिस वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत. काही वर्षांपूर्वी नवरात्रात एका मुलाने घाईत चुकीच्या खिडकीत कमांड दिली आणि लाइव्हवरचे रिपोर्ट गेले. बॅकअप होता, पहाटेपर्यंत परत आणले. गरब्याचे ढोल ऐकत तिघं जण ऑफिसात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की शेलनेच विचारलं पाहिजे. बॅशमध्ये शॉप्ट या कमांडीने एक्स्टडीबग हा पर्याय चालू केला की डीबग ट्रॅपने शून्याऐवजी काही परत केलं तर पुढची कमांड वगळली जाते. मी वरचाच झेंडा घेतला, हिस्टरीतून पूर्ण ओळ घेतली, तीत आरएम दिसलं तर ‘खरंच?’ असं विचारायचं, आणि नाही म्हटलं की एक परत करायचं. सुबक वाटलं मला.

चाचणीच्या मशीनवर, होम फोल्डरात उभा राहून, ओळ दिली: आधी सीडी करून जुन्या रिपोर्टांच्या फोल्डरात जा, मग && आणि त्यापुढे आरएम, सगळं उडवणारी, ताऱ्यासकट. शेलने विचारलं. मी नाही म्हटलं. आणि होम फोल्डर रिकामं झालं.

कारण नीट समजून घ्या, कारण अशा झेंड्यावर एक्स्टडीबग चढवलेलं मी नंतरही दोघातिघांच्या फाइलींत पाहिलंय. मी नाही म्हटल्यावर वगळली गेली ती फक्त पहिली साधी कमांड, म्हणजे सीडी. वगळलेली कमांड बॅश यशस्वी धरतं, आणि आधीची यशस्वी झाली तरच पुढची चालवायची, हाच त्या जोडचिन्हाचा अर्थ. म्हणून && पुढे जाऊ देतं. ट्रॅप आरएमसाठी पुन्हा चालला, पण झेंडा तोवर उतरलेला, त्याने मुकाट वाट दिली. आणि सीडी झालीच नसल्याने आरएम जिथे उभा होतो तिथेच चालली. हुक नसता तर निदान योग्य फोल्डर उडालं असतं. आठवड्याभराच्या स्क्रिप्टा गेल्या त्यात.

तेव्हापासून माझी मांडणी अशी आहे. झेंडा फक्त नोंदीपुरता. अडवणूक झेंड्याविना, प्रत्येक साध्या कमांडीला, बॅश_कमांड पाहून. त्यात आरएम वगैरे दिसलं आणि होस्टनेम लाइव्हचं असलं तरच विचारायचं. कोणी नाही म्हटलं की दुसरं एक व्हेरिएबल, त्याला ‘रद्द’ म्हणू, एकवर करायचं आणि त्या ओळीतल्या उरलेल्या प्रत्येक कमांडीलाही नकार द्यायचा. इथे पुढची खाच: प्रॉम्प्ट_कमांडमधलं तुमचं फंक्शनही साधी कमांडच आहे. ‘रद्द’ लागलेलं असताना ट्रॅप त्यालाही वगळतो, मग रद्द उतरवणारं कोणी उरत नाही आणि त्या खिडकीत एकही कमांड चालत नाही. म्हणून ट्रॅपच्या अगदी सुरुवातीला तपासा: बॅश_कमांड म्हणजे तुमच्याच प्रॉम्प्ट फंक्शनचं नाव असेल तर ‘रद्द’ तिथल्या तिथे शून्य करा आणि शून्य परत करून बाहेर पडा. त्याच्याखाली आणखी एक तपासणी: कॉम्प_लाइन (टॅबने नाव पुरं करताना बॅश भरतं ते व्हेरिएबल) भरलेली असेल तरीही बाहेर पडा. एक्स्टडीबगमुळे ट्रॅप फंक्शनांच्या आतही शिरतो, आणि टॅब दाबून नाव पुरं करून घेताना जी फंक्शनं चालतात त्यांनाही तो भिडतो.

विचारायचं कसं यालाही महत्त्व आहे. पहिल्या महिन्यात मी ‘वाय दाबा’ ठेवलं होतं. आठवड्याभरात सगळ्यांची बोटं न वाचता वाय दाबू लागली, माझीही. आता सर्व्हरचं नाव पूर्ण टाईप करावं लागतं. नाव लिहिताना माणूस थांबतो, आणि चुकीच्या खिडकीत असेल तर त्याला तिथेच कळतं. उत्तर टर्मिनल डिव्हाइसवरून, म्हणजे डेव्हमधल्या टीटीवायवरून वाचा, नाहीतर पाइपमध्ये गडबड होते. आणि चाचणीच्या मशीनवर काही विचारू नका. जिथे गरज नाही तिथे विचारलेला प्रश्न गरजेच्या जागचा प्रश्न निकामी करतो.

हे कुलूप नाही हेही ऑफिसात स्पष्ट सांगा. स्क्रिप्टीच्या आतली आरएम, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी), पायथनने उडवलेली फाइल, यातलं काहीच तुमच्या बॅशआरसीतल्या (बॅश सुरू होताना वाचतं त्या फाइलीतल्या) ट्रॅपला दिसत नाही. त्यासाठी परवानग्या आणि बॅकअप.

नुसती वेळच हवी असेल तर ट्रॅपच्या वाटेला जायची गरज नाही. बॅश 4.4 पासून पीएस0 आहे: ओळ वाचून झाली, कमांड सुटायचीय, तेव्हा तो एकदाच उलगडला जातो. ओळीमागे एकदा, पाइप कितीही असोत. फक्त त्यात डॉलर-कंसातली कमांड टाकून व्हेरिएबलला मूल्य देऊ नका, ती वेगळ्या सबशेलमध्ये (चालू शेलच्या तात्पुरत्या प्रतीत) चालते आणि मूल्य तिथेच विरतं. ॲरेच्या चौकटी कंसातली आकडेमोड मात्र चालू शेलमध्येच होते, म्हणून सेकंड्स या व्हेरिएबलचं मूल्य (शेल सुरू झाल्यापासूनचे सेकंद) तिथे उतरवून घेतात. सूक्ष्म वेळ हवी तर बॅश 5.0 पासून इपॉकरियलटाइम आहे. डेट ही कमांड हुकात बोलावू नका. प्रत्येक एंटरला एक नवी प्रोसेस जन्माला घालायची आणि जुन्या सर्व्हरवर प्रॉम्प्ट अडखळायला लागला की दोष नेटवर्कला द्यायचा, हे मी पाहिलंय. आणि तुमच्यातले मॅकवाले: ॲपलचं बॅश अजून 3.2 आहे, त्यात यातलं पीएस0ही नाही नि इपॉकरियलटाइमही नाही. 2019 च्या कॅटलिनापासून मॅकवर मूळ शेल झेडशेल आहे, तेच वापरा.

झेडशेलमध्ये हा विषय मुळात नीट बांधलेला आहे. प्रीएक्झेक ओळीमागे एकदाच चालतं आणि त्याला तीन गोष्टी मिळतात: तुम्ही टाईप केलेली ओळ, एलियास (कमांडीला दिलेलं टोपणनाव) उलगडून आखूड केलेली एकेरी ओळ, आणि एलियास उलगडलेला पूर्ण मजकूर. धोका तपासायचा तर तिसरी बघा, कारण एलियासमागे काय दडलंय ते पहिलीत दिसत नाही. ॲड-झेडशेल-हुकने जोडलंत तर दुसऱ्या कुणाचं फंक्शन पुसलं जात नाही. पण प्रीएक्झेक कमांड अडवू शकत नाही, काहीही परत केलं तरी. अडवायचं तर एंटर दाबल्यावर चालणारं ॲक्सेप्ट-लाइन विजेट (कळ दाबल्यावर झेडशेल चालवतं ते फंक्शन) स्वतःचं लिहा आणि मंजूर असेल तरच मूळ विजेट बोलवा. ओळ अजून हातातच असते, त्यामुळे && चा माझा घोटाळा तिथे संभवतच नाही. तुम्हाला शेल निवडायची मोकळीक असेल तर अडवणुकीसाठी मी हेच सुचवेन. फिश या आणखी एका शेलमध्ये फिश_प्रीएक्झेक हा इव्हेंट आहे, तोही नोंदीसाठी पुरेसा.

तुम्ही बॅशवरच राहणार असाल तर आधी ट्रॅप -पी चालवून डीबगवर आत्ता काय लावलेलं आहे ते पाहा. डीबग ट्रॅप एकच असतो, दुसरा लावला की पहिला गेला. एखादं टूल आधीच तिथे बसलेलं असेल तर तुमच्यामुळे ते बंद पडेल, किंवा त्याच्यामुळे तुमचं. मग चाचणीच्या मशीनवर, रिकाम्या फोल्डरात, आरएमच्या जागी इको ठेवून या ओळी चालवा: एक पाइपवाली, एक && वाली, एक गोल कंसात घातलेली, आणि शेवटी नुसतं रिकामं एंटर. कंसातली ओळ एक्स्टडीबगशिवाय ट्रॅपच्या नजरेतून सुटते, कारण सबशेलला तो वारशाने मिळत नाही. आणि रिकाम्या एंटरला झेंडा कोणी कमांड न देताच उतरतो, कारण ट्रॅप प्रॉम्प्ट_कमांडमधल्या तुमच्याच फंक्शनला माणसाची कमांड समजतो. एक्स्टडीबग बंद असताना वर सांगितलेली नावाची तपासणी हे टाळते; चालू असेल तर ट्रॅप त्या फंक्शनाच्या आतही शिरतो, आणि आतली पहिली कमांड झेंडा उतरवू शकते. चारही ओळींना काय छापलं गेलं ते आणि ट्रॅप -पीचा निकाल इथे टाका, म्हणजे तुमच्या फंक्शनात नेमकी कुठली ओळ हलवायची ते सांगतो.