कुलपाचा आवाज

प्रश्न : माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगते आहे. आठवं वर्ष चालू आहे. लग्नानंतर नऊ वर्षं तिने मार खाल्ला. माहेरी आली की आम्ही ‘नांदायला जा’ म्हणून परत धाडायचो. आता संध्याकाळी बराकीला कुलूप लागताना खडखडाट झाला की तिला दरदरून घाम फुटतो. झोपेची गोळी मिळते, तरी पहाटे तीनला दचकून उठते. मुलाखतीत, म्हणजे तुरुंगातल्या भेटीत, विचारलं तर गप्प बसते. तिचा मुलगा माझ्याकडे आहे. काय करू?
– एक बहीण, कळवा

उत्तर : ताई, महिला बंद्यांशी मी बरीच वर्षं बोलते आहे. एक बाई कायम भिंतीला पाठ लावून, बसूनच झोपायची. तिची वळकटी दारापासून हलवून कोपऱ्यात दिली, तेव्हा ती कुठे आडवी झाली. नवरा यायचा तो दारातूनच. तुमची बहीणही कुलपात घरचीच कडी ऐकत असावी. गोळीने डोळा लागतो, भीती जात नाही. पण गोळी तिने मनाने बंद करू नये.

महिला कैद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या २०१० च्या बँकॉक नियमांनुसार तुरुंगात आलेल्या बाईला आधीच्या अत्याचाराबद्दल तपासणीतच विचारायला हवं. आठ वर्षांत तिला कुणी विचारलेलं दिसत नाही. मला याचा फार राग येतो.

तिने आणि तुम्हीही अधीक्षकांना लेखी अर्ज द्या : मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी हवी. घाम, पहाटेची जाग, नऊ वर्षांची मारहाण, सगळं लिहा. डोक्याला मार बसला होता का, हे आठवून लिहाच. डॉक्टरांना ते कळायला हवं. तेव्हाचे दवाखान्याचे केसपेपर सापडले तर झेरॉक्स जोडा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ कैद्यांनाही लागू आहे. कलम १०३ त्यांच्यासाठीच आहे. उत्तर आलं नाही तर ठाण्याला कोर्ट नाक्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला आणि कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

मुलाखतीत मात्र खोदून विचारू नका. आजूबाजूला दहा जणं बोलत असताना ती काय सांगणार? ‘तुला परत धाडलं, ते आमचं चुकलं’, एवढं एकदा म्हणा. ती काही बोलली नाही तरी चालेल. मग भाच्याच्या शाळेचं सांगा.