वाचकांचे प्रश्न : एक पेपर, दोन जर्नल्स

प्रश्न : मला नुकतीच रसायनशास्त्राची पीएच.डी. गाईड म्हणून मान्यता मिळाली. माझ्या विद्यार्थिनीने मला न दाखवताच एक पेपर दोन जर्नल्सना पाठवला. ‘जे आधी घेईल तिथे छापू’ असं तिचं म्हणणं. लेखकांत विभागप्रमुखांचंही नाव घातलंय, तेही त्यांना न विचारता. काय करू?
– एक प्राध्यापिका, नांदेड

उत्तर : पेपर दोन्हीकडून मागे घ्या. एकीकडे ठेवता येईल, पण सबमिशननंतर लेखकांची यादी बदलायला बहुतेक जर्नल्स सर्वांची लेखी संमती मागतात, वगळल्या जाणाऱ्याचीसुद्धा. त्यापेक्षा यादी दुरुस्त करून नव्याने पाठवणं सोपं. संपादकांना खरं कारण दोन ओळींत कळवा. मागे घेतल्याचं लेखी उत्तर येईपर्यंत तिसरीकडे पाठवू नका.

मुलीवर चिडू नका. प्रवेशाचे अर्ज पाच कॉलेजांत भरले तर कुणी काही म्हणत नाही. तीच सवय इथे आली, पण पेपरच्या बाबतीत ती चालत नाही. रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारे जाणकार, बहुधा विनामोबदला काम करतात हे तिला सांगा. एखाद्या विषयाचे जाणकार थोडेच असतात, त्यामुळे दोन्ही प्रती एकाच माणसाच्या हाती पडू शकतात. मग दोन्हीकडून नकार, आणि नाव लक्षात राहतं ते वेगळंच.

लेखकांत कुणाचं नाव घालायचं याबाबत वैद्यकीय संपादकांच्या आयसीएमजेई समितीच्या चार अटी इतर विषयांतही उपयोगी पडतात : आखणी, डेटा किंवा विश्लेषणात भरीव वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याची सुधारणा करणं; अंतिम प्रतीला मान्यता; आणि कामाची जबाबदारी. चारही हव्यात. प्रयोगशाळा वापरू दिली, एवढ्यासाठी आभारात नाव पुरे. विभागप्रमुखांना हे पटवणं अवघड जाईल, म्हणून ही बोलणी पहिल्या प्रयोगाआधीच करून ईमेलवर नोंदवावीत आणि मसुदा लिहिताना पुन्हा पाहावीत. क्रमाचे रिवाजही सांगा : रसायनशास्त्रात सर्वाधिक काम करणारा सहसा पहिला, गाईड शेवटी, शुद्ध गणितात आडनावांच्या वर्णक्रमाने.

नुसतं व्याख्यान देऊन हे अंगवळणी पडत नाही. तुमच्या जुन्या पेपरांवर आलेले रिव्ह्यू तिला द्या, नाकारलेल्यांचेही, आणि एकाचं उत्तर लिहायला लावा. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, खाली उत्तर, बदल कुठल्या पानावर, कितव्या ओळीत. शेरा पटला नाही तर कारण देऊन नाही म्हणता येतं, हे बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊकच नसतं.