तुझी नक्कल आणि त्याची नक्कल

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा तालीम संपल्यावर सगळे चहाला गेले आणि तू संहिता मांडीवर घेऊन बसून राहिलीस. "काका, आपल्या नाटकातल्या त्या दुसऱ्या नटाची नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याची सगळी वाक्यं, चार दिवसांत पाठ झाली. माझा दुसरा प्रवेश तीन आठवडे झाले तरी अडखळतोच. माझ्या डोक्यातच खोट आहे का?" असं विचारलंस. मला हॉलची किल्ली परत करायची घाई होती, म्हणून नुसतं "होईल गं" म्हणून निघालो. हे उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं.

बत्तीस वर्षं मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणजे अडलेल्या नटाला शब्द पुरवलेत, त्या भरवशावर लिहितो. फरक असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. एकसारखी जुळी आणि साधी जुळी यांची तुलना करून शास्त्रज्ञांनी पाहिलंय, की माणसामाणसांच्या स्मरणातल्या फरकात अनुवंशाचा वाटा चांगलाच मोठा आहे, काही बाबतींत निम्म्याच्या आसपास. पण हा हिशेब घोळक्यातल्या फरकाचा. तुझी अर्धी स्मरणशक्ती आजोबांकडून आली, असा त्याचा अर्थ नाही. झोप, धास्ती, लक्ष कुठे आहे, हे सगळं त्यावर चढतं.

आता त्याच्याकडे बघ. तो कीर्तनकाराच्या घरातला. दिवेलागणीला हरिपाठ ऐकत वाढलेला. आपलं नाटक ऐतिहासिक, भाषा जड. "स्वामींची आज्ञा शिरसावंद्य" हे त्याच्या कानाला एकच नग आहे, तुझ्यासाठी तीन सुटे शब्द, त्यातला एक तर पहिल्यांदाच भेटलेला. एका वेळी मनात धरता येतात त्या गोष्टी जेमतेम चार. त्याचे नग मोठे, तुझे लहान. पिशवी दोघांची जवळपास सारखीच.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका विद्यापीठातला एक प्रयोग मला फार आवडतो. 1980 मध्ये तो प्रसिद्ध झाला. अगदी सामान्य स्मरणाचा एक विद्यार्थी घेतला. अंक वाचून दाखवायचे, त्याने त्याच क्रमाने म्हणायचे. सुरुवातीला सातेक अंकांवर गाडी थांबायची. दीड-पावणेदोन वर्षांत, दोनशेहून जास्त तासांच्या सरावानंतर, तो ऐंशीच्या आसपास पोचला. युक्ती काय? पठ्ठ्या धावपटू होता. 3492 ऐकलं की त्याला चार अंक दिसत नसत. मैलभर धावण्याची वेळ दिसे, 3 मिनिटं 49.2 सेकंद. मग त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली, तर स्वारी पुन्हा सहावर. म्हणजे डोकं बदललं नव्हतं, अंकांना टांगायला खुंट्या तयार झाल्या होत्या.

तुझ्या खुंट्या कुठे आहेत, ते मी तुझी संहिता चाळली तेव्हा कळलं. तुझी वाक्यं पिवळ्या मार्करने रंगवलेली, समोरच्याची कोरी. अगं, तुझं वाक्य हे कुणाच्या तरी वाक्याचं उत्तर आहे! प्रश्न न वाचता उत्तर पाठ करतेस, मग ते सुटणारच. हेल्गा आणि टोनी नॉइस या जोडप्याने नटांच्या पाठांतराचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. टोनी स्वतः नट. त्यांना दिसलं, की मुरलेले नट घोकत नाहीत. हे पात्र आत्ता हे का बोलतंय, समोरच्याकडून त्याला काय हवंय, हे शोधत बसतात, आणि शब्द मागून येतात. हालचालीसोबत म्हटलेली वाक्यं जास्त टिकतात, हेही त्यांनी दाखवलं. हे मला विंगेत आधीच कळलं होतं. दौऱ्यावर एकदा चहाचा कप उजव्या टेबलाऐवजी डाव्या टेबलावर गेला, माझ्याच हातून. शंभरावर प्रयोग केलेला आमचा नट कपाकडे हात नेईना आणि वाक्यही येईना. वाक्य कपात होतं ना त्याचं.

दुसरी खोड. तू वाचतेस, पुन्हा वाचतेस. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, तीच फसगत. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के येत होतं, वाचणाऱ्यांना 42. पान झाक आणि अड. अडल्यावर लगेच डोकावू नकोस, थोडी तडफड होऊ दे. रात्री झोपायच्या आधी एकदा, सकाळी दात घासताना एकदा. जागरण करून घोकणं बंद.

इतकं करूनही तो तुझ्याआधीच पाठ करेल, कदाचित नेहमीच. करू दे. मागच्या नाटकात समोरच्याने दोन वाक्यं गाळली तेव्हा याच एकपाठ्याला मला तीनदा क्यू द्यावा लागला होता, हे त्याला सांगू नकोस.

रविवारी अर्धा तास आधी ये. समोरच्याची वाक्यं मी म्हणेन. संहिता घरीच ठेव, आणि एक कप मात्र आठवणीने आण.

तुझा,
विंगेतला काका