पुण्यात मेट्रोवर खर्च करण्याऐवजी रस्ते रुंद करून उड्डाणपूल का नाही बांधले?

केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली तेव्हाचा आकडा होता ३१.२५ किलोमीटरसाठी ११,४२० कोटी, म्हणजे किलोमीटरला साधारण ३६५ कोटी. एवढ्या पैशात पूल भरपूर झाले असते, यात वाद नाही. पण त्यावरून माणसं किती गेली असती ते मोजू.

सिग्नल नसेल तर एका लेनमधून तासाला १,८०० च्या आसपास मोटारी जातात. चौकात एका दिशेला हिरवा दिवा मिळतो फार तर ४० टक्के वेळ, म्हणजे उरल्या ७२०. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा: १,०८०. दोन लेन वाढवल्या तरी तासाला २,१६० माणसं. पुणेकर मोटारीपेक्षा दुचाकीवर जास्त, हे खरंच. त्याच दोन लेन फक्त दुचाकींना दिल्या तर आकडा पावणेचार हजारांच्या घरात जाईल. मेट्रोची तीन डब्यांची गाडी साडेनऊशेच्या आसपास माणसं घेते. दर सहा मिनिटांनी एक सोडली तरी एका दिशेने तासाला साडेनऊ हजार, आणि खाली रस्त्यात अडते ती फक्त दुभाजकावरच्या खांबांची जागा. गर्दी वाढली तर गाड्या वाढवता येतात. बंगळूरने २०१८ पासून तीन डब्यांच्या गाड्या सहा डब्यांच्या करायला घेतल्या, कारण तिथले फलाट आधीच तेवढे लांब बांधलेले होते. कर्वे रस्ता असा लांबवता-रुंदवता येत नाही.

उड्डाणपुलाची मेख अशी की तो चौक वाचवतो, रस्ता नाही. वरून सुसाट आलेली वाहनं पुढच्या सिग्नलला एकदम उतरतात आणि कोंडी तिथे सरकते. विद्यापीठ चौकातला पूल २००६ साली झाला, २०२० मध्ये पाडला.

पार्किंगचा खर्च तर या वादात कोणी धरतच नाही. आपल्याकडच्या नियोजनाच्या मापाने एका मोटारीला उघड्यावर २३, तळमजल्यावर २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर लागतात (ये-जा करायच्या वाटेसकट). हजार मोटारी तळघरात लावायच्या तर ३२,००० चौरस मीटर, जवळपास आठ एकर. त्यांतून आलेली माणसं दीड हजार. मेट्रोच्या दोन गाड्याही भरणार नाहीत. पेठांमध्ये आठ एकर कुठून आणायचे?

आता मेट्रोची लंगडी बाजू. दहा किलोमीटरला दुचाकी २३-२४ रुपयांचं पेट्रोल खाते (लिटरला ४५ किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये धरून). मेट्रोचं तिकीट त्याच्या आसपासच आहे, पण दोन्ही टोकांना रिक्षा करावी लागली की हिशोब कोसळतो. म्हणून स्टेशनपासून ५०० ते ८०० मीटरचा टापू चालण्याजोगा हवा: फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा, मध्ये विजेचा डीपी बॉक्स नाही, स्टॉल नाही, पार्क केलेली बुलेट नाही. त्यापलीकडे फीडर बस, म्हणजे स्टेशनपर्यंत ने-आण करणारी. फीडर दर २० मिनिटांनी असेल तर सरासरी १० मिनिटं नुसती वाट पाहण्यात जातात आणि मेट्रोने वाचवलेला वेळ तिथेच संपतो. आठ मिनिटांच्या आत बस येणार नसेल तर ती सुरू करण्यात अर्थ नाही, असं माझं मत. आणि रस्त्यावरचं पार्किंग फुकट ठेवून लोक मेट्रोत का येत नाहीत हे विचारणं म्हणजे शुद्ध भाबडेपणा.

सगळीकडे मेट्रोच हवी असंही नाही. ६० माणसांच्या ९० बस तासाला, म्हणजे ४० सेकंदांना एक, स्वतंत्र लेनमधून सोडल्या तर ५,४०० माणसं जातात, तेही किरकोळ खर्चात. २०१७ च्या मेट्रो धोरणातही आधी पर्यायांची तुलना करण्याची अट आहे. पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (राखीव लेनमधून धावणारी बससेवा) आली. अशा लेनमध्ये खासगी वाहनं शिरू दिली की तिची साधी बस होते.

तुमच्या रस्त्याचा अंदाज घ्यायचा असेल तर कामाच्या दिवशी सकाळी ९ ते १० एका दिशेची माणसं मोजा, वाहनं नव्हे. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग करा. बसमधली माणसं अंदाजाने धरा, दुचाकीवर मागे बसलेला सोडू नका. बेरीज पाच हजारांच्या आत राहिली तर आधी बसची लेन मागा.