आमची सिस्टम सॅप (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) ईसीसी आहे, म्हणजे सॅपची जुनी आवृत्ती. एमएम०३ (मटेरियल बघायचा स्क्रीन) मध्ये मटेरियल दिसतं, पण एक्सेलवरून पीओ (खरेदीची ऑर्डर) अपलोड करताना सॅप ‘अस्तित्वात नाही’ म्हणतं. ते डिलीट झालंय का?

नाही, डिलीट झालेलं नाही. बहुतेक नंबराच्या आधीची शून्यं गळाली आहेत. तुमची सिस्टम ईसीसी आहे असं लिहिलंय. तिथे नुसत्या आकड्यांचा मटेरियल नंबर टेबलात १८ अंकी साठवतात. म्हणजे स्क्रीनवरचा ४५१२०७ आत ००००००००००००४५१२०७ असा असतो. स्क्रीनवर सॅप ही शून्यं स्वतः लावतं, पण झेड प्रोग्रॅम (कंपनीने स्वतः लिहून घेतलेला) थेट बापी, म्हणजे सॅपचं तयार फंक्शन, कॉल करत असेल तर ती कुणीच लावत नाही. मी एमएम (सॅपचा खरेदी-साठ्याचा भाग) सपोर्टलाच आहे आणि अपलोडच्या तिकिटांत सर्वांत जास्त हेच निघतं. एबापरला (सॅपचा प्रोग्रॅमर) नंबर बापीला देण्याआधी मॅटएन१ ची कन्व्हर्जन एक्झिट, म्हणजे ही शून्यं लावणारं फंक्शन, लावायला सांगा. एक्सेलमध्ये हाताने शून्यं भरत बसू नका, सेल नंबर फॉरमॅटमध्ये गेला की ती पुन्हा उडतात.

मात्र तुमच्या नंबरात अक्षरं असतील तर हे कारण लागू नाही. मग हे बघा:

– अंधेरीच्या प्लांटला मटेरियल आहे, पण पीओ भिवंडीच्या गोदामाचा आहे का? तसं असेल तर एमएम०१ (मटेरियल तयार करायचा स्क्रीन) ने ते त्या प्लांटला एक्स्टेंड करावं लागेल, म्हणजे त्या प्लांटसाठीही नोंदवावं लागेल. मेसेजही बहुधा ‘प्लांटमध्ये मेंटेन नाही’ असाच येतो, तो नीट वाचा.
– एमएम०६ मध्ये डिलीशन फ्लॅग (मटेरियल काढून टाकायचं आहे अशी खूण) आहे का? तो कुणी, कधी लावला ते एमएम०४ (बदलांचा इतिहास) मध्ये दिसतं. त्या माणसाला विचारल्याशिवाय टिक काढू नका, प्लीज.