‘इफ’ की ‘व्हेदर’?

विचारणा अशी आहे: ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ हे वाक्य चूक आहे का? विचारणाऱ्याला वर्गात सांगितलं गेलं की ‘इफ’नंतर ‘विल’ येत नाही आणि खात्री नसेल तिथे ‘व्हेदर’च वापरायचं.

वाक्य बिनचूक आहे. ‘विल’ टाळायचं ते अट घालणाऱ्या ‘इफ’नंतर: ‘इफ ही कम्स, आय विल टेल हिम’. वरच्या वाक्यात अट कसलीच नाही. तिथे ‘इफ’पासून सुरू होतं ते नामवाक्य, ‘नो’ या क्रियापदाचं कर्म. ‘तो येईल की नाही, माहीत नाही’ या मराठी वाक्यात कुणी ‘जर’ बसवून दाखवावा! ‘इफ’चा हा वापर आजकालच्या ढिलाईतून आला म्हणणाऱ्यांनी 1611 चं इंग्रजी बायबल उघडावं. महापुरातून तारवात वाचलेला नोहा कबुतर सोडतो ते ‘टु सी इफ द वॉटर्स वेअर अबेटेड’, पाणी ओसरलं का ते बघायला.

‘व्हेदर’ अडून बसतं त्या जागा थोड्या: ‘अबाउट व्हेदर’, ‘व्हेदर टु गो’, किंवा नामवाक्यच कर्ता होऊन वाक्याच्या तोंडाशी आलं तर. शिवाय ‘लेट मी नो इफ यू आर कमिंग’ म्हटलं की घोळ होतो. येणार असाल तरच कळवा, की येताय का नाही ते कळवा? दुसरं म्हणायचं असेल तर ‘व्हेदर’ घाला.

पण खरी गंमत ‘व्हेदर’च्या कुळात आहे. हा शब्द मुळात प्रश्नार्थक सर्वनाम, अर्थ ‘दोहोंपैकी कोणता’. त्याच 1611 च्या बायबलात ‘व्हेदर ऑफ देम ट्वेन’ आहे, म्हणजे ‘त्या दोघांपैकी कोणी’. संस्कृतात याचा सख्खा भाऊ ‘कतर’. मूळचा क-कार इंग्रजीच्या घराण्यात ह-कार झाला आणि पुढचा ‘दर’ म्हणजे आपला ‘उच्चतर’मधला ‘तर’, दोहोंची तुलना करणारा. ‘ईदर’च्या शेपटीतही हाच ‘व्हेदर’ आक्रसून बसला आहे. आता गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला अर्जुन ऐका: ‘न चैतद्विद्मः कतरन्नो गरीयो यद्वा जयेम यदि वा नो जयेयुः’. आपण जिंकावं की त्यांनी आपल्याला जिंकावं, यांतलं बरं कोणतं हेच कळत नाही. ‘विद्मः’ म्हणजे ‘आम्हाला कळतं’, त्याच्यापुढे ‘कतर’, लगेच ‘यदि’. ‘व्हेदर’चा भाऊ आणि ‘इफ’चा अर्थ, दोन्ही एकाच ओळीत, एकाच संशयासाठी!

आपला ‘किंवा’ही असाच, ‘किम्’ अधिक ‘वा’. प्रश्न विचारता विचारता उभयान्वयी अव्यय झालेला. ‘हा की तो’मधला ‘की’सुद्धा या ‘किम्’चाच वंशज, असं माझं ठाम मत आहे. ‘की’ दिसला रे दिसला की फारसीकडे बोट दाखवणारे विद्वान मला मुळीच पटत नाहीत. ‘असं वाटतं की’मधल्या ‘की’वर त्यांनी खुशाल वाद घालावा. पण ‘अथवा’ या अर्थाचा ‘कीं’ ज्ञानेश्वरीत जागोजागी भेटतो. ज्ञानेश्वरी 1290 ची, अल्लाउद्दीनची देवगिरीवरची पहिली स्वारी 1296 ची. फारसी दरबारात येण्याआधी ज्ञानेश्वरांच्या ओवीत ती कुठून आली, हे आधी सांगा. पर्याय दाखवणारा शब्द प्रश्नातून जन्मतो, कारण दोन वाटा दिसल्यावर माणूस आधी विचारतो आणि मग निवडतो.

दोनाचा हाच आकडा ‘डाउट’मध्येही आहे. लॅटिन ‘दुबितारे’च्या मुळाशी ‘दोन’ आहे, जर्मन ‘त्स्वायफेल’मध्ये ‘त्स्वाय’, आणि आपलं मन द्विधा होतं. म्हणूनच ‘पैसे त्यानेच घेतले असा मला संशय आहे’ याचं ‘आय डाउट ही टुक द मनी’ केलेलं ऐकलं की संताप होतो. आजच्या इंग्रजीत याचा अर्थ नेमका उलटा: त्याने पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही. शेक्सपिअरच्या काळी ‘डाउट’ संशय घेण्यासाठीही चालत असे, आज चालत नाही. तिथे ‘सस्पेक्ट’ म्हणा. चोर म्हणायचं त्यालाच आपण निर्दोष ठरवतो आहोत, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं.